बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर ओपी०७ का अडकतो? ऑप-अँपची निवड आणि प्लस-मायनस सप्लाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत काकांची हीट ट्रीटमेंटची शेड आहे. तिथल्या भट्टीत के-टाइप थर्मोकपल (तापमानाप्रमाणे मिलिव्होल्ट देणारी दोन धातूंच्या वायरींची जोडी) आहे आणि त्याचे मिलिव्होल्ट शंभरेक पट वाढवून तुम्हाला आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाला द्यायचे आहेत. ओपी०७ हा ऑप-अँप (छोटा सिग्नल वाढवणारी चिप) आणला, १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, पिन ४ ग्राउंडला जोडली. भट्टी थंड असो की लालबुंद, आउटपुट दीड व्होल्टाच्या आसपास बसून राहिलं. कोणीतरी एलएम३५८ हा दुसरा ऑप-अँप सुचवला. त्यावर आउटपुट हलायला लागलं, पण तापमान पन्नास-साठ अंशांनी चुकीचं येतं. आता तुम्ही विचारताय की कोणता ऑप-अँप घेऊ आणि ±१२ व्होल्ट आणू कुठून.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांवर अवलंबून आहेत. आधी चिप ठरवायची आणि मग तिला मिळेल तो सप्लाय द्यायचा, असं केलं की नेमकी तुमच्यासारखी अडचण येते.

ओपी०७च्या आठ पिना एकदा नीट बघा. २ आणि ३ इनपुट, ६ आउटपुट, ७ वर प्लस, ४ वर मायनस, १ आणि ८ ऑफसेटच्या (इनपुट शून्य असतानाही उरणाऱ्या चुकीच्या) प्रीसेटसाठी, म्हणजे ती चूक घालवणाऱ्या छोट्या फिरत्या रेझिस्टरसाठी. ५ कशालाच जोडलेली नाही. यात ग्राउंड नावाची पिन कुठेही नाही. ऑप-अँपला फक्त दोन रेल (सप्लायच्या वायरी) दिसतात, वरची आणि खालची, आणि बाकी सगळं तो त्या दोघींच्या हिशेबाने बघतो. ±१२ दिलेत काय किंवा नुसते २४ व्होल्ट दिलेत काय, त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. शून्य कुठे मानायचं ते आपण बाहेरच्या वायरिंगने ठरवतो. म्हणून चिप निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: माझा सिग्नल या दोन रेलच्या मध्ये कुठे बसणार आहे?

तुमचा सिग्नल आहे शून्य ते साधारण ४१ मिलिव्होल्ट, कारण के-टाइप १००० अंशाला ४१.३ मिलिव्होल्ट देतं. पिन ४ ग्राउंडला जोडली की हा सिग्नल खालच्या रेलला अगदी चिकटून बसतो. ओपी०७च्या इनपुटला मात्र दोन्ही रेलपासून दीड-दोन व्होल्टांचं अंतर लागतं. डेटाशीटमध्ये ±१५ वर इनपुटची हद्द ±१३ व्होल्ट दिलेली असते, तिचा अर्थ हाच. आउटपुटचंही तेच, तेही खालच्या रेलच्या जवळ एक-दीड व्होल्टाच्या खाली उतरत नाही. तुम्हाला दिसलेले दीड व्होल्ट म्हणजे थर्मोकपलचा सिग्नल नव्हताच. आउटपुट तळाला टेकलं होतं, एवढंच. चिप शाबूत आहे, फेकू नका.

एलएम३५८ का चालला? त्याच्या इनपुटला पीएनपी ट्रान्झिस्टर आहेत आणि खालची रेल त्याच्या इनपुटच्या हद्दीत येते. आउटपुटही शून्याच्या बरंच जवळ जातं. एकेरी सप्लायसाठीच तो बनवलेला आहे. पण त्याचा इनपुट ऑफसेट साधारण २ मिलिव्होल्ट असतो आणि जास्तीत जास्त ७ पर्यंत चालतो. के-टाइप एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं. २ मिलिव्होल्टला ४१ मायक्रोव्होल्टने भागा, पन्नासच्या आसपास अंश येतात. ७ मिलिव्होल्ट असतील तर १७० अंश. तुमची चूक पन्नास-साठ अंशांची आहे, म्हणजे तुमच्या हाती आलेली चिप तशी चांगलीच म्हणायची.

प्रीसेट लावून किंवा प्रोग्राममध्ये वजा करून हा ऑफसेट घालवता येईल, असं वाटणं साहजिक आहे. आजच्यापुरता तो जाईलही. पण एलएम३५८चा ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो, एका अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्ट. भट्टीशेजारचं पॅनेल सकाळपासून दुपारपर्यंत २० अंशांनी सहज तापतं. १४० मायक्रोव्होल्ट सरकले की वाचन साडेतीन अंशांनी हललं, आणि सगळ्या चिप सारख्या सरकत नाहीत. हीट ट्रीटमेंटमध्ये काम टेम्परिंगचं असेल तर एवढा फरक नको.

ओपी०७च्या स्वस्तातल्या ‘सी’ ग्रेडचा ऑफसेट साधारण ६० मायक्रोव्होल्ट आणि जास्तीत जास्त १५० असतो. म्हणजे दीड अंश, वाईटात वाईट चार. तापमानाबरोबर सरकणं अंशाला अर्ध्या मायक्रोव्होल्टाच्या आसपास. पॅनेल २० अंशांनी तापलं तरी पाव अंशच हलेल. तेव्हा या कामाला ओपी०७ ही तुमची पहिली निवडच बरोबर होती. चुकला तो सप्लाय. सिग्नल शून्याजवळचा आणि चिप शून्याजवळ जायला मायनस रेल मागणारी, म्हणून तिला मायनस द्यायलाच हवा.

बोर्ड अजून बनवला नसता तर मी वेगळा रस्ता सुचवला असता. ५ व्होल्टवर चालणारे झिरो-ड्रिफ्ट (ऑफसेट जवळपास न सरकणारे) ऑप-अँप मिळतात. ओपीए३३३चा ऑफसेट जास्तीत जास्त १० मायक्रोव्होल्ट असतो आणि इनपुट-आउटपुट दोन्ही रेलपर्यंत जातात. त्याच्याबरोबर मायनस सप्लायची भानगड उरत नाही. फक्त तो बारीक सरफेस माउंट पॅकेजमध्ये येतो, हाताने जोडायचा तर सराव हवा. नुसतं तापमानच वाचायचं असेल तर मॅक्स६६७५ ही चिप थेट डिजिटल आकडा देते, १०२४ अंशांपर्यंत, पाव अंशाच्या पायरीने. पण तुम्हाला अँप्लिफायर शिकायचाही आहे असं प्रश्नावरून दिसतं, तर ओपी०७वरच पुढे जाऊ.

बाकीच्या नेहमीच्या चिपांबद्दल थोडं. पुस्तकांत ±१५ सगळीकडे दिसतात त्याचं कारण ७४१च्या काळात आहे. फेअरचाइल्डने १९६८ साली ७४१ काढला. त्या काळी ±१० व्होल्टचे सिग्नल प्रचलित होते, आणि आउटपुट रेलपासून दोन-तीन व्होल्ट अलीकडेच थांबत असल्यामुळे ±१५ सोयीचे पडायचे. आज नव्या कामाला ७४१ घेण्याचं कारण मला दिसत नाही. टीएल०७२ला इनपुट करंट जवळपास लागतच नाही आणि तो चपळ आहे, पण त्याचा इनपुट मायनस रेलच्या फार जवळ गेला तर आउटपुट एकदम उलटं होऊन प्लस रेलला जातं. ध्वनीच्या कामात एखादा कडाका ऐकू येईल, पण हीटर चालवणाऱ्या सर्किटमध्ये हे परवडणार नाही. एनई५५३२ माइकसाठी, भजनी मंडळाच्या मिक्सरसाठी उत्तम. आवाज स्वच्छ, दोन्ही अँप्लिफायर मिळून साधारण ८ मिलिअँपिअर घेतो. नवीन म्हणून आणलेला ५५३२ दोनच मिलिअँपिअर घेत असेल तर त्यावरचा शिक्का खोटा असण्याची शंका घ्या. आणि एमसीपी६००२सारख्या ५ व्होल्टवाल्या चिपला ±१२ कधीही देऊ नका. तिची एकूण सहनशक्ती ७ व्होल्टची, तुम्ही देणार २४. डेटाशीटमध्ये पाहायची ती दोन्ही रेलमधली एकूण बेरीज, ± मागचा आकडा नाही.

आता सप्लाय. शिकण्यासाठी टेबलावर ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपेक्षा सोपं काही नाही. पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडा, तो सांधा तुमचं ग्राउंड. एक बॅटरी ९.२ आणि दुसरी ८.६ दाखवत असली तरी बिघडत नाही. दोन्ही रेल अगदी सारख्या असायला हव्यात हा गैरसमज आहे. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. स्विच दोन पोलचा लावा, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकदम चालू-बंद होतील. एकच तोडली तर आउटपुट उरलेल्या रेलला जाऊन बसतं.

पॅनेलमधल्या २४ व्होल्टच्या एसएमपीएसला (स्विचिंग पॉवर सप्लायला) दोन रेझिस्टरने मधोमध फोडून तिथे ग्राउंड मानायचं, ही युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. बॅटरीवर चालणाऱ्या वेगळ्या उपकरणात ती चालते. तुमच्या भट्टीवर चालणार नाही, आणि याचं कारण थर्मोकपलच्या टोकाला आहे. बऱ्याच औद्योगिक थर्मोकपलमध्ये जोडाचं टोक आतून आवरणाला वेल्ड केलेलं असतं, आवरण भट्टीच्या लोखंडाला टेकतं आणि लोखंड अर्थला. एसएमपीएसचा मायनसही पॅनेलमध्ये बहुतेक अर्थला जोडलेला असतो. म्हणजे तुम्ही जिथे १२ व्होल्टवर नकली ग्राउंड बनवलं आणि थर्मोकपलची मायनस वायर जोडली, ती भट्टीच्या अंगातून थेट शून्यावर गेली. नकली ग्राउंड शॉर्ट. वरून आर्डुइनोचं ग्राउंडही एसएमपीएसच्या मायनसला असेल तर तिसरा घोटाळा. मल्टिमीटरने थर्मोकपलच्या एका वायरीपासून आवरणापर्यंत कंटिन्युइटी तपासा, मिनिटभरात कळेल.

दोन वेगळे १२ व्होल्टचे अडॅप्टर मालिकेत लावता येतात, कारण त्यांची आउटपुटं मेनपासून (विजेच्या मुख्य लाइनपासून) वेगळी असतात. पण स्वस्त अडॅप्टरमध्ये मेनकडून आउटपुटकडे एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा करंट झिरपतो, हात लावला तर झिणझिणी जाणवते. मिलिव्होल्टच्या कामात तो त्रास देतो.

५ व्होल्टपासून मायनस करणारी आयसीएल७६६० चिप स्वस्त आहे, पण ती १० व्होल्टच्या पुढे जात नाही. अडॅप्टरचे १२ दिले तर ती जाईल. शिवाय तिचा आउटपुट रेझिस्टन्स पन्नासएक ओहम, म्हणजे दहा मिलिअँपिअर घेतले की अर्धा व्होल्ट पडतो. ५ व्होल्ट आत आणि ±१२ व्होल्ट बाहेर देणारे एक वॅटचे आयसोलेटेड मॉड्यूलही मिळतात. एका रेलवर चाळीसेक मिलिअँपिअर, तुम्हाला पुरून उरतील. जागा कमी असेल तर तेच घ्या. लोड फारच कमी असेल तर त्यांचं आउटपुट फुगतं, म्हणून प्रत्येक रेलवर २.२ किलोओहममधून एक एलईडी लावून ठेवा.

माझी पसंती मात्र जुन्या रस्त्याला आहे: १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज, आणि ७८१२ व ७९१२ हे +१२ आणि −१२ व्होल्टचे रेग्युलेटर. दुरुस्त करायला सोपा, स्विचिंगचा आवाज नाही, आणि सेकंडरी मेनपासून पूर्ण वेगळी. गणित करून बघू. १२ व्होल्ट आरएमएसचं शिखर १७ व्होल्ट. सेंटर टॅप असल्याने प्रत्येक रेलच्या वाटेत एकच डायोड येतो, ०.७ गेले, उरले १६.३. ७८१२ला डोक्यावर दोन व्होल्ट जास्त हवेत, म्हणजे १४. वर सव्वादोन व्होल्ट शिल्लक. जीआयडीसीत मोठ्या भट्ट्यांचे हीटर एकदम लागले की मेन खाली बसतो. १० टक्के उतरला तर तुमच्याकडे १४.६ उरतात. तरीही जमतं, पण रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) लहान हवा. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० मिलिअँपिअर लोड असेल तर रिपल एक व्होल्टाच्या आसपास येतो. तुमचा ओपी०७ तीन-चार मिलिअँपिअर घेतो, एलईडी धरूनही सगळं मिळून दहा-बारा. रिपल नगण्य. याच १२-०-१२ वर ७८१५ मात्र लावू नका. १७ लागतील आणि आहेत १६.३, मग रेग्युलेटर सुटतो आणि आउटपुटवर शंभर हर्ट्झची गुणगुण येते. ±१५ हवे असतील तर १५-०-१५ घ्या.

फिल्टरचे कपॅसिटर ३५ व्होल्टचे घ्या, २५चे नकोत. लोड नसताना लहान ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त असतं. रात्री शेजारच्या शेड बंद झाल्यावर मेन वर गेला की २५ व्होल्टची हद्द जवळ येते.

७९१२पाशी सगळ्यात जास्त बोर्ड बिघडतात. ७८१२ समोरून धरला तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ तसाच धरला तर डावीकडून ग्राउंड, इनपुट, आउटपुट. दिसायला दोन्ही जुळे, त्यामुळे एकाचं चित्र बघून दुसरा जोडला जातो. आणखी एक: ७८१२चा धातूचा पत्रा ग्राउंडला असतो, ७९१२चा पत्रा इनपुटला, म्हणजे उणे सोळा व्होल्टवर. दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय स्क्रूने आवळलं की मायनस इनपुट ग्राउंडला शॉर्ट. मायनसच्या बाजूला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा प्लस ग्राउंडकडे येतो, हेही घाईत उलटं होतं. ७९१२च्या आउटपुटला कपॅसिटर हवाच, नाहीतर तो ऑसिलेट होतो. १ मायक्रोफॅरड टँटॅलम किंवा २५ मायक्रोफॅरड साधा इलेक्ट्रोलिटिक पुरतो. आणि दोन्ही आउटपुटांपासून ग्राउंडला उलटा बसवलेला एकेक १एन४००७ लावा. चालू होताना एक रेल आधी उठली तर ती दुसरीला चुकीच्या दिशेने खेचते आणि रेग्युलेटर सुरूच होत नाही. डायोड ते थांबवतात.

ओपी०७जवळ पिन ७ आणि पिन ४ पासून ग्राउंडला एकेक ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, पायाला लागून. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावले तर उपयोग होत नाही. गेनसाठी (सिग्नल किती पट वाढवायचा त्यासाठी) १०० किलोओहम आणि १ किलोओहम, दोन्ही एक टक्क्याचे मेटल फिल्म. गेन १०१ येईल. १०० किलोओहमवर समांतर १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर लावा, मेनचे ५० हर्ट्झ तीसेक पटीने दबतात, आणि भट्टीला तसा वेग नकोच असतो.

कुठल्या जुन्या ७४१च्या बोर्डावर ओपी०७ बसवणार असाल तर प्रीसेट आधी काढा. ७४१चा प्रीसेट पिन १ आणि ५ मध्ये असून त्याची मधली पिन मायनस रेलला जाते. ओपी०७चा पिन १ आणि ८ मध्ये, मधली पिन प्लसला. सॉकेट तेच, पण प्रीसेट तसाच राहिला तर चिपचं आतलं संतुलन बिघडतं.

आता एक गोष्ट, जी ±१२ आणल्यामुळे नव्याने उभी राहते. तुमचं आउटपुट आता +११ पासून −११ पर्यंत कुठेही जाऊ शकतं, आणि समोर आर्डुइनोची ५ व्होल्टची पिन आहे. एरवी आउटपुट ४.२ च्या वर जाणार नाही हे खरं, १००० अंशाला ४१.३ गुणिले १०१. पण चालू-बंद होताना किंवा वायर सुटल्यावर काय होईल? म्हणून मध्ये ४.७ किलोओहम घाला आणि आर्डुइनोच्या बाजूला दोन बॅट८५ शॉटकी डायोड, एक ५ व्होल्टकडे, एक ग्राउंडकडे. बिघाड झाला तरी करंट दोन-अडीच मिलिअँपिअरच्या आत राहतो.

आणि वायर सुटण्याचाच विचार आधी करा, कारण भट्टीत थर्मोकपल जळून तुटणं हे ठरलेलं आहे. उघड्या इनपुटवर ओपी०७ कुठे जाईल याचा नेम नाही. तो शून्याकडे गेला तर कंट्रोलरला वाटेल भट्टी गार आहे आणि हीटर चालूच राहील, आतला माल आणि भट्टी दोन्ही जातील. थर्मोकपलच्या प्लस वायरला +१२ पासून १० मेगाओहमचा रेझिस्टर द्या. थर्मोकपल शाबूत असताना त्यातून १.२ मायक्रोअँपिअर जातात आणि दहा-वीस ओहमच्या वायरीवर अर्ध्या अंशापेक्षा फारसा फरक पडत नाही. तुटलं की इनपुट वर खेचलं जातं, आउटपुट भरतं. प्रोग्राममध्ये ४.९ व्होल्टच्या वर गेलं की हीटर बंद, एवढं लिहा. हा रेझिस्टर मी तुम्हाला ऐच्छिक म्हणून सांगत नाहीये. आणि त्याखेरीज हीटरच्या कॉन्टॅक्टरवर एक स्वतंत्र सेफ्टी थर्मोस्टॅट हवाच. आर्डुइनो अडकला तर हा रेझिस्टर काही करू शकणार नाही.

तपासायचा क्रम असा ठेवा. आधी सॉकेट रिकामं ठेवून पिन ७ आणि पिन ४ चे व्होल्ट ग्राउंडच्या हिशेबाने मोजा. +१२ आणि −१२ दोन्ही दिसले तरच चिप बसवा. मग थर्मोकपलच्या जागी तांब्याच्या वायरीचा तुकडा लावून इनपुट शॉर्ट करा. आउटपुट दहा-पंधरा मिलिव्होल्टच्या आत हवं. त्यानंतर टर्मिनलपाशी एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर लावा, कारण थर्मोकपल टोक आणि टर्मिनल यांच्यातला फरकच सांगतं, टर्मिनलचं तापमान त्यात मिळवावं लागतं.

शेवटी पातेल्यात पाणी उकळा आणि टोक त्यात बुडवा, तळाला लागू देऊ नका. बडोदा समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, पाणी जवळपास १०० अंशालाच उकळतं. टर्मिनल ३० अंशावर असेल तर के-टाइपच्या तक्त्यानुसार ४.१० वजा १.२० म्हणजे २.९ मिलिव्होल्ट इनपुटला येतील आणि आउटपुटला ०.२९ व्होल्ट. मल्टिमीटरवर ०.२९ आहे पण स्क्रीनवर सत्तरच्या आसपास दिसतंय, असं झालं तर सर्किटला हात लावू नका. प्रोग्राममध्ये एलएम३५चं वाचन मिळवायचं राहिलं आहे.